कापसाच्या जिल्ह्यातली गोधडी

वैशाखातली दुपार. शेतातल्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, नांगरट आटोपलेली, आणि मृगाला अजून अवकाश असलेला. अशा दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत, दारव्ह्यापासून वणीपर्यंत कोठेही गेले, तरी एखाद्या ओसरीवर एक ओळखीचे दृश्य दिसते. घरातली वडीलधारी स्त्री जमिनीवर कापडाचे थर अंथरून बसलेली असते. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, दगड असे जे हाताशी येईल ते वजन ठेवलेले असते. शेजारी सून सुईत दोरा ओवून देत असते आणि एखादे नातवंड त्या थरांवर लोळण घेत असते. पावसाळ्यापूर्वी घरची गोधडी पुरी करायची, हा जुना शिरस्ता आहे.

परंतु त्या थरांकडे जरा निरखून पाहिले, की मन खट्टू होते. वरचे झगझगीत फुलांचे कापड सुरतेच्या मागावरच्या पॉलिएस्टर साडीचे असते. मधले थरही तसेच. खाली अस्तर म्हणून जे लावले आहे, तेही कृत्रिम धाग्याचे. ज्या घराच्या कोठीत कार्तिकात छतापर्यंत कापूस रचलेला होता, त्या घराच्या गोधडीत सुताचा एक धागा शोधून सापडू नये, ही गोष्ट साधी नाही. 'पांढऱ्या सोन्याचा जिल्हा' असे बिरुद मिरवणाऱ्या भूमीच्या आर्थिक आणि सांस्कृतिक प्रवासाची कहाणी त्या एका पांघरुणात शिवली गेली आहे.

थरांचे शास्त्र

गोधडी म्हणजे चिंध्यांचे गाठोडे, असा शहरी समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. रजईत कापूस भरला जातो, त्यासाठी पिंजाऱ्याची धनुकली लागते. गोधडीत मात्र कापूस भरत नाहीत. वापरून मऊ झालेल्या कापडाचे थर एकमेकांवर ठेवून ते धावदोऱ्याने एकजीव केले जातात. त्यामुळे कोणते कापड कोठे ठेवायचे, हाच गोधडीचा खरा निर्णय असतो. शिवण्याचे कौशल्य त्यानंतर येते.

आजीबाईंच्या हाती हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि ते अत्यंत नेमके होते. वरच्या बाजूला लुगड्याचा धड राहिलेला भाग. त्याचे काठ वाया न घालवता चौकटीसारखे चारी बाजूंनी लावायचे. मधल्या थरांसाठी धोतर, कारण शेकडो वेळा धुतलेल्या धोतराइतके मऊ आणि हलके दुसरे काही नाही. फाटलेला भाग टाकून द्यायचा नाही. मात्र एका थरातले भोक दुसऱ्या थरातल्या भोकावर येता कामा नये. सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेला ठेवायचा, कारण तिरके लावलेले कापड ताणले जाते आणि चार धुण्यांत गोधडी वाकडी होते. अस्तर सर्वांत दणकट आणि शक्यतो गडद रंगाचे, कारण जमिनीची घासणी आणि मळ तेच सोसते. जरीचे काठ उसवून वेगळे करायचे; ते अंगाला टोचतात. बाळाच्या दुपट्यात तर गाठ, गुंडी, जरी यांपैकी काहीही चालत नाही. तेथे फक्त आजीचे जुने पातळ किंवा आजोबांचे धोतर.

या निवडीला हिशेबाचीही जोड होती. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट लांबीचे कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले, की प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो. दोन-दोन तुकडे बाजूंनी जोडले, की दोघांना पुरेल अशा गोधडीची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू एकाच लुगड्यातून निघतात. पाचवारी साडी साधारण १८ फुटांची. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात, म्हणजे एकट्याच्या गोधडीचे तीन थर. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रिया ही गणिते फूटपट्टीवाचून, हाताच्या वितींवर करीत आल्या आहेत.

अस्तरासाठी पूर्वी वऱ्हाडात आणि नागपूर प्रांतात 'खारवा' वापरीत. हे जाडेभरडे लाल सुती कापड आलीच्या मुळांपासून काढलेल्या रंगात रंगवलेले असे. गाद्या-गोधड्यांपासून व्यापाऱ्यांच्या वह्यांच्या वेष्टनापर्यंत सर्वत्र त्याचा उपयोग होई. आलीचे पीक या भागात घेतले जाई. १८६९ च्या सुमारास जर्मनीत रासायनिक लाल रंग तयार होऊ लागला आणि पुढच्या काही दशकांत आलीची शेती आणि तिच्यावर जगणारे रंगारी दोन्ही नामशेष झाले. गोधडीच्या अस्तरातून परदेशी कारखान्याने पहिला धागा ओढला, तो तेव्हा.

कापूस गेला, कापड आले

पुढचा इतिहास ठाऊक असूनही पुन्हा आठवावा असा आहे. १९०३ मध्ये यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली. पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखली गेलेली ही गाडी इंग्रजी कंपनीने बांधली होती आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे व तेथून मँचेस्टरकडे नेणे, हा तिचा उद्देश होता. कापूस जायचा आणि कापड यायचे. या व्यवहाराला उत्तर देण्याचे मोठे प्रयत्न याच विदर्भात झाले. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल उभारली. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम वसले आणि १९३८ मध्ये वर्ध्यात मगन संग्रहालय उभे राहिले. खादी आणि ग्रामोद्योगाचे काम तेथे आजही चालू आहे. परंतु एम्प्रेसचा भोंगा कायमचा थांबला, आणि घरोघरच्या चरख्याची जागा माळ्यावर गेली.

दुसरा फेरा कृत्रिम धाग्याचा. १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यातील पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट करून दिली. सुरतेच्या यंत्रमागांवरची स्वस्त साडी आठवडी बाजारात पोहोचायला मग वेळ लागला नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ही साडी खेड्यातल्या स्त्रीने कोणाच्या फसवणुकीने घेतली नाही. ती स्वस्त होती, रंग विटत नव्हता, खळ आणि इस्त्री लागत नव्हती, धुतली की तासाभरात वाळत होती. लांबून पाणी आणणाऱ्या, दिवसभर वेचणी करणाऱ्या स्त्रीला या सोयीचे मोल विचारावे. शहरातल्या थंड खोलीत बसून तिला सुती वस्त्राचे प्रवचन देणे हा अप्पलपोटेपणा ठरेल. दोष तिचा नाही. ज्या व्यवस्थेत कापूस पिकविणाऱ्याला कापसाचे कापड परवडत नाही, त्या व्यवस्थेचा तो दोष आहे.

तथापि परिणाम टळत नाहीत. पॉलिएस्टरचा थर घाम शोषत नाही. उन्हाळ्यात ती गोधडी अंगाखाली चिकटते आणि हिवाळ्यात उबेबरोबर ओल धरते. थर एकमेकांवरून घसरतात, टाका बसत नाही, कापड आक्रसून सुरकुत्या पडतात. सर्वांत गंभीर बाब विस्तवाची. सुती कापड पेटले तर त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळते आणि कातडीला चिकटते. ज्या प्रदेशात पौषातल्या रात्री शेकोटीशेजारी किंवा चुलीच्या उबेला अंथरुणे पडतात, रब्बीच्या राखणीला माणसे शेतात झोपतात, तेथे हा फरक जिवावर बेतणारा आहे. 'स्वस्त पडते' हे उत्तर येथे अपुरे आहे.

गोधडीत काय शिवलेले असते?

यवतमाळचे नाव गेल्या तीन-चार दशकांत देशाने एका वेदनेशी जोडून टाकले. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह मृत्यूला कवटाळले. त्या घटनेच्या स्मरणार्थ २०१७ पासून त्या दिवशी अन्नत्याग केला जातो. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील एका भगिनीच्या हस्ते झाले. या जिल्ह्यातल्या घरांत कर्ता पुरुष गेल्यावर मागे जे राहते, त्यात जमिनीचा तुकडा, कर्जाचा कागद आणि त्याचे चार कपडे असतात. कपड्यांचे काय करायचे, हा प्रश्न कोणत्याही अनुदानाच्या अर्जात येत नाही. त्या घरातल्या स्त्रीला मात्र तो सोडवावाच लागतो.

आजीचे लुगडे तिच्या माघारी नातवंडांच्या गोधडीत यावे, हा महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचा अनुभव आहे. त्यामागे काटकसर आहेच. पण केवळ काटकसर असती, तर कोणत्या थरात कोणाचे वस्त्र आहे हे वर्षानुवर्षे लक्षात ठेवले गेले नसते. "हा बाबांचा सदरा, हे मोठ्या आत्याचे परकराचे कापड, हा तुझ्या बारशाचा खण" असे बोट ठेवून सांगणारी आई मुलांना घराचा इतिहास शिकवीत असते. संस्कृतात 'कन्था' म्हणतात ती हीच. योग्यांनी आणि संतांनी ती अंगावर मिरवली. वऱ्हाडच्या मातीत जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक 'गोधडेबाबा' म्हणत. ठिगळे लावलेले वस्त्र पांघरून त्या महापुरुषाने गावेच्या गावे झाडून स्वच्छ केली. द्रौपदीने श्रीकृष्णाच्या बोटाला बांधलेल्या चिंधीची लोककथा घरोघर सांगितली जाते. चिंधीला कमी लेखणे या समाजाच्या स्वभावात नव्हते.

पुसद, दिग्रस, आर्णी या भागांतील बंजारा भगिनींनी तर तुकड्यांच्या जोडकामाला अलंकाराचे रूप दिले. फेटिया आणि कांचळीवर आरसे, कवड्या आणि रंगीत कापडांचे तुकडे ज्या डोळसपणे बसवलेले असतात, तो डोळसपणा कोणत्याही कलाशाळेने अभ्यासावा असा आहे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर परिसरातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही सगळी एकाच भारतीय घराण्यातली भावंडे आहेत. जुन्याला टाकून न देता त्याला नवा जन्म देणे, हे त्यांचे समान सूत्र.

बाजार आला, पुढे काय?

आता गोधडीला पुन्हा मागणी येऊ लागली आहे. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांत हाताने शिवलेली गोधडी कौतुकाने घेतली जाते. ही आनंदाची बाब आहे. परंतु आनंदाबरोबर सावधगिरीही हवी. अमेरिकेतील अलाबामा राज्यात 'जीज बेंड' नावाचे एक खेडे आहे. एके काळी गुलाम असलेल्या कापूस-मजुरांच्या वंशजांची ही वस्ती. तेथील स्त्रिया शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले, जाणकारांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. आणि २००७ मध्ये त्यांतील काही स्त्रियांना आपल्या कामाच्या मोबदल्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. कीर्ती आली, म्हणजे मोबदलाही कष्ट करणाऱ्या हातापर्यंत आला, असे होत नाही. कापूस पिकविणाऱ्यांना हा धडा नव्याने शिकवायला नको.

म्हणूनच हिशेब मांडला पाहिजे. एका गोधडीला रोज तीन तास याप्रमाणे वीस दिवस लागले, तर साठ तास झाले. म्हणजे आठ तासांचे साडेसात दिवस. साडेसात दिवसांची शेतमजुरी, अधिक कापड, अधिक दोरा, ही त्या गोधडीची किमान किंमत. याहून कमी भावात जी 'हस्तकला' विकत मिळते, ती एक तर यंत्रावर शिवलेली असते किंवा कोणा स्त्रीच्या पोटाला चिमटा काढून स्वस्त केलेली असते. प्रदर्शनात सुसंस्कृत कुटुंबे दोन-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतात, तेव्हा त्यांनी हे साठ तास डोळ्यांपुढे आणावेत.

करता येण्यासारखे

उपाय मोठ्या निधीचे नाहीत. जिल्ह्यातील महिला बचत गट, शिवणवर्ग आणि वस्त्यांवर काम करणारे कार्यकर्ते यांनी मनावर घेतले, तर ते एका हंगामात सुरू होतील.

पहिली गोष्ट पारखीची. कापड सुती आहे की कृत्रिम, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. कागदासारखा जळून हलकी राख झाली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. रंग जातो का, हे ओला पांढरा रुमाल घासून कळते. ज्याचा रंग उतरतो, ते कापड फिकट थराशेजारी लावू नये.

दुसरी अस्तराची. जुने दणकट कापड न मिळाल्यास नवा मांजरपाट घ्यावा. मात्र तो आधी रात्रभर भिजवून वाळवावा. नवे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि जुने आटत नाही. न भिजवता लावले तर सारी गोधडी चुण्यांनी भरते. दोरा सुताचाच असावा. नायलॉनचा दोरा मऊ कापडाला हळूहळू कापत जातो. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत १९९६ पासून डेनिमचा कारखाना आहे आणि जीनचे जुने कपडे आता प्रत्येक घरात आहेत. ते कापड थरांत भरू नये. सुई मोडते आणि गोधडी उचलवत नाही. पण बसण्याच्या आसनाला किंवा शेतात अंथरण्याच्या पट्टीला अस्तर म्हणून त्याच्याइतके टिकाऊ काही नाही.

तिसरी गोष्ट पुरवठ्याची, आणि येथे शहरातल्या कुटुंबांचे कर्तव्य सुरू होते. 'गरिबांना कपडे' म्हणून जी गाठोडी दिली जातात, त्यांत फाटक्या कृत्रिम साड्या आणि चेन तुटलेल्या पँटी असतात. दान देताना निवड करावी. धुतलेल्या सुती साड्या, धोतरे, चादरी, पंचे यांचे वेगळे गाठोडे बांधून ते गोधडी शिवणाऱ्या गटाकडे पोहोचवले, तर ते दान कच्चा माल होते, आणि देणारा-घेणारा हे नातेही बदलते. शिंप्यांकडची सुती कात्रणे बाळांच्या दुपट्यांच्या वरच्या नक्षीला उपयोगी पडतील. बाळंतविड्यात परदेशी बनावटीचे मऊशार पण कृत्रिम पांघरूण देण्याऐवजी असे दुपटे देण्याची प्रथा पडली, तर कितीतरी हातांना वर्षभर काम मिळेल.

चौथी शिक्षणाची. ज्यांना थरांचे शास्त्र अवगत आहे, त्या स्त्रिया आता सत्तरी-ऐंशीत आहेत. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला गावातल्या एखाद्या आजीला सन्मानाने बोलवावे. मुलींबरोबर मुलांनीही सुई हाती धरावी. वारकऱ्यांच्या आणि साधूंच्या परंपरेत पुरुष आपली वस्त्रे स्वतःच सांधीत आले आहेत.

एक आक्षेप, एक उत्तर

गोधडीने कापसाचा भाव वाढणार आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. गोधडीने हमीभाव वाढत नाही, कर्ज फिटत नाही, बोंडअळी हटत नाही. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते; ती जिल्ह्याबाहेर जाते आणि मूल्यवृद्धी दुसरीकडे होते, हा मूळ प्रश्न धोरणाचा आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे होऊ घातलेल्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्यानाचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी झाले. 'कापूस ते कापड' ही साखळी विदर्भातच पुरी व्हावी, यासाठी अशा प्रकल्पांकडून अपेक्षा आहेत आणि त्यांचा पाठपुरावा समाजाने केलाच पाहिजे.

परंतु कारखाना कापड विणील. ते कापड अंगावर घेण्याची बुद्धी तो विणू शकणार नाही. कापूस उत्पादकाच्या प्रश्नावर कळवळ्याने बोलणाऱ्या घरांत पडद्यापासून पांघरुणापर्यंत सुताचा धागा किती, हे ज्याचे त्याने आपल्या घरात पाहावे. स्वदेशीची चर्चा परदेशी साबण आणि शीतपेयांपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. ती रात्रीच्या अंथरुणापर्यंत यायला हरकत नसावी.

घटस्थापनेपूर्वी घरातले सारे अंथरूण-पांघरूण धुण्याची रीत महाराष्ट्रात आहे. पैनगंगा, अरुणावती, अडाण, वाघाडी या नद्यांच्या काठी त्या दिवसांत गोधड्यांची रंगीत रांग वाळत असते. येत्या नवरात्रापूर्वी कपाट उघडले जाईल, तेव्हा एक गाठोडे वेगळे बांधावे. त्यात आईचे एखादे सुती पातळ असावे, वडिलांचे धोतर असावे. धाग्याची पारख करून, दोन वेळा धुऊन ते बाजूला ठेवावे. वैशाख येईपर्यंत शिवणारे हात शोधायला सात महिने मिळतात. घरातच ते हात असतील तर उत्तमच; नसतील तर यवतमाळच्या एखाद्या ओसरीवर ते कामाची वाट पाहत आहेत.